ओढल्यावर जलेबी मिळते, मग तो ओढणारच

पत्र: "दादा, नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. आमचा बंड्या, लॅब्राडोर, १४ महिन्यांचा, वजन ३१ किलो. घरात एकदम गुणी, पण लीश लावली की अंगात येतं त्याच्या. सकाळी सासरे नेतात, संध्याकाळी मी, रात्री मिस्टर. मिस्टरांबरोबर बरा चालतो. सासऱ्यांना पण ओढतो, पण ते दोघं कोपऱ्यावरच्या पोह्याच्या ठेल्यापर्यंत जातात, तिथे ह्याला जलेबीचा तुकडा आणि थोडे पोहे मिळतात, त्यामुळे दोघंही खूश. मला मात्र फाटकापासूनच फरपटत नेतो. मागच्या रविवारी सासरे गावाला गेलेले म्हणून सकाळी मी नेलं तर कचरा गाडीच्या मागे असा धावला की मी चपलेसकट घसरले, मनगट मुरगळलं. शेजारचे एक काका म्हणतात तो तुम्हाला लीडर मानत नाही, चोक चेन घाला, दोन झटके दिले की सरळ होईल. चेन आणली पण घातली की खोकतो, मला बघवत नाही. सासरे म्हणतात लहान आहे, आपोआप सुटेल. एक ट्रेनर म्हणतोय महिनाभर माझ्याकडे सोडा. काय करू? मी त्याला फिरवणंच सोडून देऊ का? – मनगट धरून बसलेली."

ताई,

सगळ्यात आधी ती चोक चेन काढून माळ्यावर टाका, बाकीचं सावकाश बोलू. तो खोकतोय म्हणजे श्वासनळी दाबली जातेय, त्यात दुसरा काही अर्थ नाही. २००६ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापून आला होता, कुत्र्यांना एकदा गळ्यातला पट्टा लावून ओढू दिलं आणि एकदा छातीभोवती बसणारा हार्नेस लावून, आणि डोळ्याच्या आतला दाब मोजला, तर पट्ट्याने दाब वाढला, हार्नेसने नाही वाढला. हे साध्या पट्ट्याचं झालं, चोक चेन तर जितकं ओढेल तितकी आवळतच जाते. झटक्याने काही कुत्रे ओढायचं थांबतात, नाही असं नाही, पण ते थांबतात दुखतं म्हणून. आणि मग काय होतं, समोरून दुसरा कुत्रा आला, ह्याने ओढलं, झटका बसला, परत कुत्रा आला, परत झटका, आणि ह्याच्या डोक्यात पक्कं बसतं की कुत्रा दिसला की गळा दुखतो. मग तो लांबूनच भुंकायला लागतो, आणि तुम्ही मला दुसरं पत्र लिहिता की ओढायचा थांबला पण आता सगळ्यांच्या अंगावर जातो.

आता हे लीडरचं. काकांचा दोष नाही, निम्म्या इंदूरला हेच माहिती आहे. हे सगळं आलं लांडग्यांवरून. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकाने प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं, तिथे मारामाऱ्या व्हायच्या, वर कोण खाली कोण चालायचं, आणि त्यातूनच पुढे तो अल्फाचा, म्हणजे कळपाच्या म्होरक्याचा, बोलबाला झाला. डेव्हिड मेक हे लांडग्यांचे मोठे अभ्यासक, त्यांनी पण आधी तोच शब्द वापरला होता, पण जंगलात वर्षानुवर्षं लांडगे बघून झाल्यावर १९९९ साली त्यांनीच लिहिलं की मोकळ्या लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठी भांडणं होत नसतात. आणि लांडग्यांचं काही का असेना, बंड्या लॅब्राडोर आहे, कचरा गाडीच्या मागे धावताना तुमच्या घरची सत्ता हातात घ्यायचा त्याचा काही विचार नसतो, त्याला फक्त ती गाडी पाहिजे असते.

मग ओढतो का? एक तर त्याची चाल. आपण चालतो त्यापेक्षा कुत्र्याची सहज चाल जोरात असते, ती दुडकी दुडकी धाव असते ना तीच त्याला सोयीची, आपल्या वेगाने चालायचं म्हणजे त्याला सारखं स्वतःला आवरून धरावं लागतं. मिस्टरांबरोबर बरा चालतो ना, ते भरभर चालत असणार, बघा एकदा. त्यात धाक-बिक काही नसावा, वेग जुळतो इतकंच.

दुसरं नाक. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाखांच्या घरात असतात, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे १० कोटींच्या वर, कधी २०-३० कोटींपर्यंत. रिकाम्या पोटी रात्री सराफ्यातल्या खाऊच्या ठेल्यांमधून चालायचं आणि डावीउजवीकडे बघायचं नाही असं कुणी सांगितलं तर आपलं जे होईल ते त्याचं रोज प्रत्येक खांबापाशी होतं. तेव्हा हुंगणं बंद करायचं असं मनात पण आणू नका. कुत्रा फिरायला जातो तेच मुळी हुंगायला.

पण खरी गोम तिसऱ्या कारणात आहे आणि ती तुम्ही पत्रात स्वतःच लिहून पाठवलीय. सकाळी काय होतं? बंड्या ओढतो, ओढत ओढत ठेला येतो, जलेबी मिळते. त्याच्या बाजूने बघा, लीश ताठ झाली, छातीला जोर लावला, पुढे गेलो, गोड मिळालं. हे रोज. एखादी गोष्ट केल्यावर फायदा झाला की जनावर ती परत करतं, हे थॉर्नडाइकने १८९८ मध्ये मांजरांना पेटीत कोंडून दाखवून दिलं होतं, आणि कुठल्याही बैलगाडीवाल्याला ते त्याच्याही आधीपासून माहिती होतं. जलेबी तर ठळक दिसते म्हणून, बाकी वेळी पण हेच चाललेलं असतं. तो खांबाकडे ओढतो, तुम्ही दोन पावलं त्याच्या मागे जाता, खांब मिळाला. झाडाकडे ओढतो, झाड मिळालं. तुम्ही खिशात खाऊ न नेता सुद्धा रोज पन्नास वेळा त्याला ओढण्याचं बक्षीस देताय, फक्त ते बक्षीस आहे हे लक्षात येत नाही. चेन, झटका, ओरडणं हे सगळं करून पण जर शेवटी तो खांबापर्यंत पोचत असेल तर तो ओढणारच, आणि मी त्याच्या जागी असतो तर मी पण ओढलं असतं.

जलेबीचं थोडं वेगळं बोलायलाच हवं. बाबांना, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना, दुखवायचं नाहीये, पण पोह्यात कांदा असतो आणि कांदा कुत्र्याला चालत नाही, रक्तातल्या लाल पेशी फुटतात त्याने, कच्चा काय शिजलेला काय, लसणाचंही तेच. एका घासाने काही होईल असं नाही पण रोज थोडं थोडं पोटात जाणं वाईट. सेव-मिक्श्चरमध्ये मीठ आणि मसाला, जलेबीत तूप-साखर. आणि लॅबचं एक अजून आहे, २०१६ मध्ये केंब्रिजच्या लोकांना सापडलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये एक जीन तुटका असतो, त्यामुळे त्यांना भूक जास्त लागते, खाण्याच्या मागेमागे राहतात आणि वजन भराभरा वाढतं. बंड्याचं कसं आहे ते तपासल्याशिवाय कळणार नाही, पण खाण्यावरची लॅबची नजर तुम्हाला माहितीच आहे. ह्याचा आपल्याला फायदा पण आहे, कारण जो खाण्यासाठी एवढा वेडा तो शिकायला सोपा.

बाबांशी हे सुनेने बोलू नये असं माझं प्रामाणिक मत. पुढच्या लसीच्या वेळी बाबांनाच बंड्याबरोबर व्हेटकडे पाठवा आणि कांद्याचं डॉक्टरांच्या तोंडून निघू द्या, घरात वाद नाही, कुणाचा अपमान नाही. आणि बाबांकडून नुसतं काढून घेऊ नका, हातात काहीतरी द्या, छोटा डबा, त्यात उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे तुकडे, नसेल चालत तर गाजर, नाहीतर त्याच्याच रोजच्या खाण्यातले दाणे. तुकडा हरभऱ्याएवढा, मोठा नको, आणि जेवढं बाहेर दिलं तेवढं जेवणातून कमी. ठेल्यावर जायचं ते जाऊ द्या, त्यांची मंडळी भेटते तिथे, बाबांनी खुशाल पोहे खावे. फक्त बंड्याचा खाऊ डब्यातून आणि लीश सैल असताना.

आता शिकवायचं कसं. सुरुवात रस्त्यावर करूच नका, रस्ता म्हणजे परीक्षेचा हॉल (आणि आपण अजून पहिल्या धड्यावर आहोत). घरात, गच्चीवर, कंपाउंडमध्ये. लीश साधी कापडी, दीड-दोन मीटरची. ती बटण दाबून लांब होणारी चक्रीवाली लीश असेल तर तूर्त नको, ती कायम थोडी ताणलेलीच असते आणि जितकं ओढाल तितकी दोरी सुटते, म्हणजे आपल्याला जे शिकवायचं नाही नेमकं तेच ती शिकवते. लीशचा लूप अंगठ्यातून घालून तळहातात धरा आणि हात पोटाजवळ ठेवा. मनगटाला वेढे द्यायचे नाहीत, तुमचं मनगट बहुतेक त्यानेच गेलंय. ३१ किलोचा कुत्रा एकदम सुटला तर वेढा सोडवायला वेळच मिळत नाही. आणि चपला नकोत, बूट घाला, साडी असो की ड्रेस, वर बूट वाईट दिसतात ते दिसू देत.

लीश सैल आहे की नाही हे कसं ओळखायचं? हाताला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पट्ट्यापाशी जो हुक असतो ना त्याच्यावर नजर ठेवा. हुक खाली लोंबतोय म्हणजे सैल, हुक उठून आडवा झाला म्हणजे ताणायला लागली. अर्धा सेकंद आधी कळतं त्याने, आणि सगळं ह्या अर्ध्या सेकंदावर आहे.

तर एक पाऊल टाका. हुक लोंबतोय? "हां" म्हणा आणि तुकडा द्या. हा "हां" म्हणजे शाबास, आता मिळणार, एवढाच अर्थ त्याला कळायला हवा, घरात सगळ्यांनी तोच एक शब्द वापरायचा, बाबा "वा रे वा" आणि मिस्टर "गुड बॉय" असं नको. तुकडा कुठे द्यायचा हे लोक विचारतच नाहीत आणि तिथेच चुकतात. तो ज्या बाजूला चालायला हवा त्या बाजूच्या तुमच्या पायाला अगदी लागून, सलवारीच्या शिवणीपाशी, त्याच्या तोंडाच्या उंचीवर. हात पुढे करून दिलात तर तो पुढे येऊन उभा राहायला शिकेल, कारण जिथे मिळतं तिथे तो असणार, जलेबीचं उदाहरण आहेच. मग दोन पावलांनी एक, मग चार, मग कधी दोन कधी सात, त्याला अंदाज येऊ न देता. पाच मिनिटं पुरे. दिवसातून दोन-तीनदा पाच पाच मिनिटं केलीत तर एकदाच अर्धा तास करण्यापेक्षा खूप बरं, तो पण कंटाळत नाही आणि तुम्ही पण चिडत नाही.

हे घरात जमलं की फाटक. तुम्ही लिहिलंय फाटकापासूनच फरपटतो, म्हणजे चालायच्या आधीच तो तापलेला असतो. लीश हातात घेतली की नाचतो ना? मग लीश हातात घ्या आणि उभ्या राहा. नाचून झालं, चारी पाय जमिनीवर आले, लावा. फाटकाला हात लावा, घुसला, हात काढा. परत लावा. रागवायचं नाही, नाव घेऊन ओरडायचं नाही, फाटक फक्त तो शांत असताना उघडतं एवढंच त्याला दिसू द्या. पहिल्या दिवशी सगळा वेळ फाटकातच जाईल, कॉलनीतले लोक बघतील, बघू देत.

बाहेर आलात, हुक उठला, थांबा. जागच्या जागी. तुम्ही मागे ओढायचं नाही, तुम्ही ओढलंत की तो पण ओढतो, ती रस्सीखेच त्याला आवडते सुद्धा. नुसत्या उभ्या राहा. तो ओढेल, मग उभा राहील, मग काय झालं म्हणून कान मागे घेऊन वळून बघेल किंवा नुसतं अर्धं पाऊल मागे येईल, लीश सैल होईल, तिथेच "हां", तुकडा पायापाशी, आणि चला. तो खांबाकडेच ओढत असेल तर अजून भारी, सैल झाल्यावर दोन पावलं नीट चालवा आणि म्हणा "जा, हुंग" आणि त्याला खांबाकडे जाऊ द्या मनसोक्त. खाऊ संपतो, खांब संपत नाहीत. त्याला जे पाहिजे तेच बक्षीस, फक्त वाट बदलली, ओढून मिळत नाही, सैल ठेवून मिळतं.

आणि आता जे सांगतोय ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, कारण ह्याच्यावरच बहुतेक जण सोडून देतात. थांबायला लागलात की सुरुवातीला तो जास्त ओढेल. कमी नाही, जास्त. इतके महिने ओढून काम होत होतं, आता होत नाहीये, मग तो म्हणणार जोर कमी पडतोय वाटतं. लोक इथे म्हणतात की हे आमच्या कुत्र्याला लागू पडत नाही, आणि तेव्हाच सोडून देतात जेव्हा खरं तर लागू पडायला लागलेलं असतं. दुसरं, नऊ वेळा थांबलात आणि दहाव्यांदा फोन आला म्हणून दिली ढील, तर ते एकदा दिलेलं नऊ वेळा थांबण्यावर पाणी फिरवतं. कधीतरी मिळतं असं कळलं की जनावर जास्त चिवट होतं, कायम मिळायचं आणि एकदम बंद झालं तर लवकर सोडतं. म्हणून तुम्ही संध्याकाळी शिकवताय आणि सकाळी बाबा ओढू देतायत असं असेल तर तुम्ही बिचाऱ्या एकट्या कितीही थांबा, काही व्हायचं नाही. तुम्ही तिघं तीन वेगवेगळे नियम घेऊन त्याला नेताय आणि तो तिघांचे तीन नियम शिकलाय, खरं तर हुशारच आहे.

पण रोज प्रत्येक फेरीत कुणाला एवढा वेळ असतो, शाळेचे डबे असतात, ऑफिस असतं, हे मला कळतं. त्यावर उपाय आहे आणि तो हार्नेसचा. असा घ्या ज्याला दोन कड्या असतात, एक पाठीवर एक छातीवर, आणि पुढून वाय आकाराचा, खांद्यावरून आडवी पट्टी जाणारा शक्यतो नको. अंगावर बसवला की पट्टीखाली दोन बोटं जायला हवीत. छातीच्या कडीला लीश लावली की तो पुढे ओढतो तेव्हा त्याचं अंग तुमच्याकडे वळतं, सगळा जोर सरळ लावताच येत नाही, त्यामुळे तुमच्या मनगटावर भार कमी येतो. नुसती पाठीवरची कडी असलेला हार्नेस घेऊन लोक म्हणतात हार्नेसने तर जास्तच ओढायला लागला, अहो लागणारच, बर्फातल्या गाड्या ओढणारे कुत्रे ज्याने ओढतात तो पण हार्नेसच असतो, छातीने आरामात जोर लावता येतो त्यात. तर असं करा, छातीची कडी म्हणजे शिकायची वेळ, तिथे नियम कडक, हुक उठला की थांबायचं. पाठीची कडी आणि थोडी लांब दोरी म्हणजे सुट्टी, रिकाम्या प्लॉटवर, कुणाचा पाय अडकणार नाही अशा जागी, मनाला येईल तिकडे हुंग. कुत्र्याला हा फरक बरोबर कळतो. घाई असेल त्या दिवशी पाठीची कडी लावा आणि मनाला लावून घेऊ नका. फक्त हार्नेस म्हणजे शिकवणं नव्हे, तो काढला की ओढणं परत तिथेच असतं, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

कचरा गाडीचं वेगळं आहे. ते ओढणं नाही, ते मागे लागणं आहे, हलणारी मोठी आवाज करणारी वस्तू बघून त्याचं डोकंच जागेवर राहत नाही, आणि डोकं जागेवर नसताना कुणीच शिकत नाही. तिथे थांबून "हां" वगैरे काही चालणार नाही. आपल्याकडे सोय ही की गाडीचं गाणं दोन गल्ल्या आधीच ऐकू येतं. म्हणून कंपाउंडच्या आत, फाटक बंद ठेवून, गाणं लांबून आलं रे आलं की चिकन चालू, गाडी गेली की चिकन बंद. ते चिकन फक्त गाडीसाठी राखून ठेवा, बाकी वेळी गाजर. काही दिवसांनी गाणं ऐकून तो रस्त्याकडे बघायच्या ऐवजी तुमच्याकडे बघायला लागला की मग फाटकाबाहेर, लांबवर, मध्ये एखादी उभी केलेली कार घेऊन करा. तोवर त्या वेळेला त्याला रस्त्यावर नेऊच नका, त्यात लाजायचं काय. (गाडीवरून आठवलं, पिशवी नेता ना बरोबर? २०१७ पासून स्वच्छतेत नाव काढलेलं गाव आहे आपलं.)

गल्लीतल्या कुत्र्यांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत पण सुदामानगरात ते नसतील असं मी मानत नाही. त्यांची हद्द ठरलेली असते, आणि नसबंदी करून लस देऊन त्याच जागी परत सोडायचं असं भटक्या कुत्र्यांच्या २०२३ च्या नियमांतही आहे, त्यामुळे कानाला खाच दिलेली तीच तीच मंडळी तुम्हाला रोज भेटणार. ती कुठे बसतात, त्यांना खायला कधी घालतात ते बघून ठेवा आणि त्या वेळी दुसरा रस्ता धरा. "चल परत" म्हणून गर्रकन वळायचं हे गच्चीवर खेळ म्हणून शिकवा, वळला की दोन-तीन तुकडे, म्हणजे खरी वेळ येते तेव्हा पाय आपोआप वळतात. समोरून एखादा येतच असेल तर पळू नका, लीश घट्ट आवळून त्याला स्वतःकडे ओढू नका, ताठ लीशने तो अजून ताठतो, जमेल तितकी सैल ठेवून लांबून वळसा घाला.

मे महिन्यात दिवसा कुठलंच शिकवणं नको. पारा ४० च्या वर असतो आणि डांबर त्याहून तापलेलं, तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांना पण सोसत नाही. उन्हाचा घाईने सावलीकडे ओढणारा कुत्रा हट्टी नसतो, पाय भाजत असतात त्याचे.

बाबा म्हणतात मोठा झाला की सुटेल. वयाचं त्यांचं थोडं बरोबर आहे. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी लॅब, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या मिश्र जातीच्या पिल्लांवर बघितलं, पाच महिन्यांची असताना सांभाळणाऱ्याचं ऐकायची, आठव्या महिन्यात त्याच माणसाचं "बस" ऐकेनाशी झाली, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती. आपल्या घरातल्या पोरांचं वेगळं काय असतं म्हणा. तेव्हा बंड्या तुमच्यावरच एवढा का चढतो ह्याचं वाईट वाटून घेऊ नका, ते वयच तसं, आणि ते ओसरतं. पण वय ओसरलं तरी सवय ओसरत नाही, इतके महिने ओढून मिळत आलंय ते तिसाव्या महिन्यात पण ओढूनच मागेल, तेही पूर्ण ताकदीने. कुणी म्हणेल नसबंदी करा म्हणजे शांत होईल, नसबंदी करायची तर व्हेटशी बोलून जरूर करा, भटकणं आणि जागोजागी तंगडी वर करणं पुष्कळांचं कमी होतं, पण लीशवर चालणं ऑपरेशनने येत नाही.

फिरवणं सोडू नका, थोडे दिवस हातातली लीश सोडा. मनगट सुजलेलं असेल, अंगठ्याच्या बाजूला दाबल्यावर दुखत असेल तर आधी एक्सरे काढा, नुसतं तेल चोळत बसू नका. तोवर बाहेर मिस्टरांनी न्यावं, छातीच्या कडीला लावून, आणि थोडं हळू चालून, त्यांनाही शिकायचंय. तुम्ही घरात लीश न लावताच करा, हॉलमध्ये चाला, तो बाजूला आला की "हां" आणि तुकडा, ह्याला मनगट लागत नाही. खरं सांगू, लीश न लावता जो तुमच्या बाजूला राहतो त्याला लीश लावून चालवणं सोपं जातं.

राहिला ट्रेनर. महिनाभर त्याच्याकडे सोडून यायचं हे मला पटत नाही. तिथे बंड्या त्या माणसाबरोबर त्या मैदानावर नीट चालायला शिकेल, आणि सुदामानगरात येऊन सकाळी बाबांच्या हातात लीश दिसली की ठेल्याकडे ओढेल, कारण बाबांना आणि ठेल्याला कुणी काही शिकवलेलं नसेल. वर बंद दाराआड त्याच्याशी काय केलं हे तुम्हाला कधी कळत नाही. घरी येऊन तुमच्यासमोर तुमच्या हातात लीश देऊन शिकवणारा असेल तर जरूर बोलवा, दोन-चार वेळा आला तरी पुष्कळ. फोनवरच दोन गोष्टी विचारा, कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय करता आणि चुकलं तर काय करता. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात झटका, चेन, काट्यांचा पट्टा असलं काही आलं किंवा "ते माझ्यावर सोडा" आलं तर नमस्कार करून फोन ठेवा. घरी यायला हो म्हणाला तर बाबा आणि मिस्टर दोघंही घरी असतील अशी वेळ द्या, आणि महिन्याचे पैसे एकदम देऊ नका, येईल त्या दिवसाचे द्या.